गॅस गिझर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? कसं ठरवाल?

पाच-सात वर्षं वापरलेला गॅस गिझर एके दिवशी पेटत नाही. मेकॅनिक म्हणतो, "करून देतो", दुकानदार म्हणतो, "आता नवाच घ्या". अशा वेळी गिझरचं वय आणि दुरुस्तीचा खर्च पाहायचाच, पण त्याआधी नेमका कोणता भाग बिघडलाय हे विचारा.

दुरुस्ती कधी पुरते?

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गिझरमधला रबरी पडदा (डायफ्रॅम) सरकतो, सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. सेल उतरणं, पाण्याच्या जाळीत गाळ अडकणं, डायफ्रॅम फाटणं हे किरकोळ बिघाड आहेत. टाकी फार उंचावर नसेल तर पाण्याचा दाब कमी पडतो आणि चांगला गिझरही पेटत नाही.

नवा कधी घ्यावा?

तांब्याची कॉइल गळत असेल, बर्नर गंजला असेल, बर्नर साफ करूनही ज्योत निळीऐवजी पिवळी येत असेल किंवा काजळी धरत असेल, तर जुन्या गिझरवर पैसे घालू नका. खर्चाचा ढोबळ नियम असा: दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली आणि हमीही संपली असेल, तर नवा घ्यावा.

पुरात बुडाला असेल तर?

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीच्या पुराचं पाणी महाड शहरात शिरलं. अशा पाण्यात बुडालेला गिझर वाळवून पेटला, तरी तो सुरक्षित असेलच असं नाही. व्हॉल्व्हमध्ये बसलेला चिखल आणि गंज बाहेरून दिसत नाही आणि पुढे तिथूनच गॅस गळू शकतो. बुडालेला गिझर आणि रेग्युलेटर बदलाच. नवा गिझर पुराच्या खुणेच्या वर बसवा.

धोका नेमका कशाचा?

ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नसतो आणि वासही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणं, आणि पुढे माणूस बेशुद्ध पडतो. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपूरसारख्या ठिकाणी थंडीत सकाळी खिडक्या बंद असतात, तेव्हा हा धोका वाढतो. म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. आत बसवलेला असेल तर दुरुस्तीच्या निमित्ताने त्याची जागा आधी बदला. अंघोळ करताना चक्कर आली तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, गिझर बंद करायला लावा आणि डॉक्टरकडे जा.

नव्याने गॅस वाचतो का?

फारसा नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर अंदाजे पंधरा तास चालतो. त्यामुळे केवळ बचतीसाठी चांगला चालणारा गिझर बदलू नका.

घेताना काय पाहाल?

आयएसआय चिन्ह पाहा. गॅसची नळी मुदतीतली आहे ना, हे तपासा. जोडणीनंतर सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. गळती वाटली तर सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.