झुलू योद्धे आणि त्यांची शस्त्रे

वर्गात आफ्रिकेचा नकाशा शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, झुलू म्हणजे भाले घेऊन नाचणारे रानटी लोक ना?" चित्रपटांतून व चित्रकथांतून मुलांच्या मनावर ठसलेले हे चित्र आहे. तास संपल्याने त्याला पुरे उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. शिवाय हा देश आपल्याला अगदीच परका नाही. रत्नागिरी-रायगडकडील अनेक मुस्लिम कुटुंबांतील माणसे काही पिढ्यांपूर्वी केपटाऊनला जाऊन तेथेच स्थायिक झाली. त्याच दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला, आजच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात, झुलूंची भूमी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस झुलू ही एक लहानशी जमात होती. सेन्झंगाखोना हा तिचा सरदार व शाका हा त्याचा मुलगा. परंतु शाकाला आणि त्याची आई नांदी हिला बापाच्या घरी थारा मिळाला नाही. शाका शेजारच्या म्थेथ्वा राज्याचा राजा डिंगिस्वायो याच्या सैन्यात वाढला आणि १८१६ साली झुलूंचा सरदार झाला. १८२८ साली सावत्र भावांनी त्याचा खून केला. मधल्या अवघ्या बारा वर्षांत त्या लहानशा जमातीचे एक बलाढ्य राज्य झाले होते.

त्या काळी तेथील लढाया लांब दांड्याचे भाले फेकून होत. फेकलेला भाला हातातून जातो, तो शत्रूच्या उपयोगी पडतो आणि फेकणारा निःशस्त्र होतो. म्हणून शाकाने आखूड दांड्याचा, लांब व रुंद पात्याचा भाला आपल्या सैन्यात रूढ केला. हा फेकायचा नाही, जवळ जाऊन भोसकायचा. त्याला 'इक्ल्वा' म्हणतात; शरीरातून उपसताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले असे सांगतात. फेकण्याचा भाला, 'इसिजुला', हाही पुढे वापरात राहिला. 'इविसा' म्हणजे एका टोकाला गोळा असलेला लाकडी सोटा. 'इसिह्लांगू' ही गाईबैलांच्या कातड्याची, जवळजवळ माणसाच्या उंचीची ढाल. ती सैनिकाच्या नव्हे तर राजाच्या मालकीची असे व तिच्या रंगावरून पलटण ओळखू येई. पुढे सेट्श्वायोच्या काळात तिच्याहून लहान व हलकी ढाल प्रचारात आली.

लोखंड, कातडे आणि लाकूड! यांपैकी कोणती वस्तू शेजारच्या जमातींजवळ नव्हती? तेव्हा झुलूंचे बळ केवळ हत्यारात नव्हते, ते शिस्तीत होते. एका वयाच्या तरुणांची एक पलटण असे; तिला 'इबुथो' म्हणत. निरनिराळ्या घराण्यांची मुले तिच्यात एकत्र राहत, राजाची गुरे राखत, शेती करीत आणि युद्धकला शिकत. राजाची परवानगी मिळेपर्यंत त्यांना लग्न करता येत नसे. लढाईत सैन्याची रचना बैलाच्या आकाराची असे. मधली 'छाती' शत्रूला समोर गुंतवून ठेवी, दोन बाजूंची 'शिंगे' त्याला वेढा घालीत आणि मागे 'कंबर' म्हणजे राखीव फौज थांबे. याला रानटीपणा कसे म्हणावे?

अर्थात शाका कठोर होता. १८२७ साली नांदी वारली तेव्हा शोकाच्या नावाखाली अनेकांचे प्राण घेतले गेले. परंतु त्या काळाच्या लेखी हकीकती बहुतांशी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आहेत. त्यांपैकी नॅथॅनियल आयझॅक्स याने आपला सहकारी फिन याला १८३२ साली पत्र लिहून, झुलू राजांना होईल तितके रक्तपिपासू रंगव, असा सल्ला दिला होता. तेव्हा इतिहास वाचताना तो कोणी लिहिला हेही पाहिले पाहिजे.

पुढे बंदूक आली. १६ डिसेंबर १८३८ रोजी न्कोमे नदीच्या काठी सुमारे ४७० बोअरांनी गाड्यांचा कोट करून हजारो झुलूंशी लढाई केली. तीन हजारांवर झुलू पडले. बोअरांचा एकही माणूस मेला नाही. हा धडा ओळखून पुढे राजा सेट्श्वायोने जॉन डन या व्यापाऱ्यामार्फत बंदुका विकत आणल्या. परंतु त्या बहुतेक युरोपने टाकून दिलेल्या जुन्या बंदुका होत्या.

११ डिसेंबर १८७८ रोजी सेट्श्वायोला निर्वाणीचा खलिता मिळाला. तीस दिवसांत आपली सैन्यव्यवस्था मोडून टाकावी, ही त्यातील मुख्य अट. खलिता धाडणारे सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात आपल्या मुंबईचे गव्हर्नर होते. जी अट मानली तर राज्यच उरत नाही, ती राजा कशी मानणार? जानेवारी १८७९ मध्ये इंग्रज फौज झुलूंच्या राज्यात शिरली. २२ जानेवारीला इसांडल्वाना येथे सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजांच्या तळाला वेढले. इंग्रजांच्या बाजूचे सुमारे १३०० लोक मारले गेले. मुख्यतः भाल्यांच्या जोरावर मिळवलेल्या या विजयाने लंडन हादरले.

त्या विजयात झुलूंच्या हाती शेकडो नव्या मार्टिनी-हेन्री रायफली आल्या. पण ती वापरण्याची तालीम नव्हती आणि हाती आलेली काडतुसे संपली की नवी करणारा कारखाना नव्हता. ४ जुलै १८७९ रोजी उलुंडी येथे इंग्रजांचा चौकोनी व्यूह, तोफा व गॅटलिंग बंदुका यांपुढे तासाभराच्या आत झुलू सैन्य मोडले. सेट्श्वायो पकडला गेला, राज्याचे तेरा तुकडे झाले आणि १८८७ साली ते इंग्रजी अमलाखाली गेले. १९०६ मधील बंबाथाचे बंडही निर्दयपणे चिरडण्यात आले. त्या वेळी जखमी झुलूंची शुश्रूषा गांधीजींच्या हिंदी पथकाने केली.

विद्यार्थी मित्रांनो, उलुंडीला झुलूंचे शौर्य कमी पडले नाही. त्यांचा भाला त्यांचेच लोहार घडवीत होते. त्याचे ज्ञान त्यांच्या घरचे होते. बंदूक विकत घेतली, पण तिची विद्या विकत मिळाली नाही. दुसऱ्याने विकलेल्या वस्तूवर विसंबणारा समाज कितीही शूर असला तरी तो विकणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. पालकांनीही मुलाला यंत्र घेऊन देताना, ते कसे चालते हे त्याने शिकावे, असा आग्रह धरावा.

२००० साली स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेने नवे राजचिन्ह स्वीकारले. त्यात ढाल आहे, भाला आहे आणि सोटाही आहे. मात्र भाला व सोटा उभारलेले नाहीत, आडवे ठेवलेले आहेत. ती शांततेची खूण होय. ज्यांना रानटी म्हटले गेले, त्यांच्याच हत्यारांतून एका राष्ट्राने शांततेची खूण घडवली. माझ्या त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर हेच आहे.