चवदार तळं आणि थांबण्याची हिंमत

आपल्या जिल्ह्यात शूरपणा म्हटलं की डोळ्यांसमोर किल्ला उभा राहतो. साहजिक आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून १९८१ मध्ये आपण रायगड केलं, तेही त्याच अभिमानातून. पण त्या रायगडाच्याच महाड तालुक्यात, १९२७ साली, एकाच वर्षात दोनदा असं काही घडलं की शूर कोणाला म्हणायचं हा प्रश्न नव्याने पडतो. २० मार्च २०२७ ला त्यातल्या पहिल्या प्रसंगाला शंभर वर्षं होतात. म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

चवदार तळ्याची गोष्ट आपण शाळेत चार ओळींत शिकलो. बाबासाहेब गेले, पाणी प्यायले, इतिहास घडला. त्या चार ओळींच्या आधी आणि नंतर काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. बाबासाहेबांचं मोठेपण मला तरी तिथेच जास्त दिसतं.

आधीचं आधी सांगतो. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे मंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याला धरून आपलं तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाची त्या पाण्याला हात लावायची छाती झाली नाही. गुरं पाणी पीत होती, इतर धर्मांची माणसं पीत होती, हे मात्र तहानलेले पुढे जायचे.

मग रामचंद्र बाबाजी मोरे या दासगावकडच्या तरुणाने महाडला परिषद घेण्याचं मनावर घेतलं. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस म्हणजे सुरबानाना, अनंतराव चित्रे ही मंडळी पाठीशी उभी राहिली. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. वय ३५. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले, बॅरिस्टर झालेले, नुकतेच कायदे मंडळाचे सभासद झालेले. दुसऱ्या दिवशी हजारो माणसं रांगेने शहरातून शांतपणे तळ्याकडे गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्यायले. मग बाकीचे प्यायले.

इथवर सगळ्यांना माहीत असतं.

दोनेक तासांत गावात अफवा उठली, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव निघाला. मांडवात जेवणं चालली होती, काही जण घराच्या वाटेला लागले होते. जो सापडेल त्याला मारलं. काहींना मुसलमान कुटुंबांनी घरात घेतलं म्हणून ते वाचले. बाबासाहेब डाक बंगल्यात उतरलेले. त्यांच्याभोवती चिडलेले तरुण जमले. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले लोकही होते. महाड-दासगाव भाग म्हणजे लष्करी पेन्शनरांचा. मारामारी काय असते ते त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांना हवा होता फक्त एक शब्द.

तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. लोकांना आवरलं, जखमींची सोय बघितली, मारणाऱ्यांविरुद्ध रीतसर फिर्याद होईल असं पाहिलं. त्या खटल्यात पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. विचार करा, त्या दुपारी उलट हात उचलला गेला असता तर काय झालं असतं? परिषद संपली की मुंबईचे लोक मुंबईला जाणार. मागे राहणार ती गावोगावची चार-पाच घरं, गावकुसाबाहेर. सूड त्यांच्यावर निघाला असता. पुढाऱ्याला स्वतःच्या रागाच्या पलीकडे ती चार-पाच घरं दिसावी लागतात.

इकडे महाडच्या सनातन्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसलं, शेण-गोमूत्र-दूध-दही मिसळून पुन्हा ओतलं आणि तळं ‘शुद्ध’ केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. म्हणजे कागदावरचा हक्कसुद्धा गेला. बाबासाहेबांनी ३ एप्रिललाच ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं होतं. त्यातला बराचसा मजकूर ते स्वतः लिहीत. डिसेंबरात पुन्हा महाडला जायचं ठरलं.

या ठिकाणी आपल्या पेणकरांसाठी एक बारीकशी नोंद. मुंबईहून महाडला यायची जवळची वाट म्हणजे बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने पेण, नागोठणे करत पुढे. डिसेंबरात ही वाट मुद्दाम टाळली. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर शेकडो माणसं धरमतरलाच अडकणार. म्हणून ‘पद्मावती’ बोटीने लांबचा समुद्री फेरा घेऊन दासगावला उतरायचं ठरलं, कारण दासगावहून महाड पाचेक मैल, वेळ आली तर चालतही जाता येईल. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचं नाकारलं, तर धान्य बाहेरून आणलं. मांडवाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. धरमतरच्या पुलावरून जाताना मला हे हमखास आठवतं. आपला रस्ता त्या दिवशी त्यांच्या भरवशाचा नव्हता.

२५ डिसेंबर १९२७. रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण. म्हणजे बाबासाहेब मवाळ होते, सांभाळून घेणारे होते, असा अर्थ कोणी काढू नये. जिथे घाव घालायचा तिथे ते पुरता घालत.

पण तळ्यावर जायचं काय? परिषदेच्या आधीच सनातन्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला होता, तळं खाजगी आहे म्हणून. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. मांडवात हजारो माणसं. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजारांनी नावं नोंदवलेली, तुरुंगात जायच्या तयारीने आलेली. बाबासाहेबांपुढे दोन वाटा होत्या. हुकूम मोडला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या, पण सनातन्यांशी चाललेलं भांडण त्याच घडीला सरकारशी झालं असतं आणि सनातनी नामानिराळे राहिले असते. त्यांनी सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं. लोकांना ते आवडलं नाही. तरीही ऐकलं. तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक निघाली आणि पाण्याला हात न लावता परत आली.

मार्चमध्ये पाण्याला हात लावायला हिंमत लागली. डिसेंबरात हात न लावायला त्याहून जास्त लागली, असं माझं मत. समोरच्या शत्रूपुढे उभं राहणं एक वेळ जमतं. आपल्याच चार हजार माणसांच्या डोळ्यांतली निराशा बघत ‘थांबा’ म्हणणं फार थोड्यांना जमतं.

आणि ते नुसते थांबले नाहीत. दावा लढले. १९३१ ला महाडच्या कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने. १९३३ ला ठाण्यात अपील, तिथेही तेच. मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला: तळं नगरपालिकेचं आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करायची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. तारीख बघा. पहिल्या ओंजळीला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी. एका तळ्यासाठी दहा वर्षं कागद सांभाळले त्या माणसाने.

आणखी एक गुण सांगायचा राहिला. महाडच्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीतले जेधे-जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की ब्राह्मणांना सोबत घ्यायचं नाही. बाबासाहेबांनी अट नाकारली. पाठिंब्याची गरज असताना नाकारली. त्यांचं भांडण ब्राह्मण्याशी होतं, कोणाच्या जन्माशी नव्हतं. ज्याला जन्मावरून हाकललं गेलं, त्याने दुसऱ्याला जन्मावरून हाकलायला नकार दिला.

पेण-रोह्याच्या भातशेतीवाल्यांनी आता जरा लक्ष द्या. खोतीने आपल्या आजा-पणजांना किती पिळलं ते घराघरात सांगतात. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ ला संप पुकारला, २५ गावांत सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. त्या शेतकऱ्यांच्या परिषदेला १९३४ मध्ये बाबासाहेब चरीला आले होते. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं बिल मुंबईच्या विधिमंडळात त्यांनीच आणलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. बिल तेव्हा पास झालं नाही, खोती कायद्याने गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. पण आगरी, कुणबी, मराठा कुळांच्या जमिनीसाठी विधिमंडळात उभं राहणारा माणूस कोण होता, हे आपण विसरलोय. ‘त्यांचे’ बाबासाहेब आणि ‘आमचे’ अमुक, अशी वाटणी करून बसलोय.

अमेरिकेत रोझा पार्क्स बाईंनी बसमधली सीट सोडायला नकार दिला तो १ डिसेंबर १९५५ ला. नंतर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, आणि तिथेही शेवट कोर्टाच्या निकालाने झाला. सार्वजनिक वस्तूवर शांतपणे हक्क सांगायचा, मार बसला तरी हात उचलायचा नाही, कोर्टात शेवटपर्यंत जायचं. महाडने हे २८ वर्षं आधी करून दाखवलं होतं. काळ्यांच्या लढ्याशी नातं बाबासाहेबांनाही जाणवत होतं. १९४६ मध्ये त्यांनी तिथले विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून संपर्क साधला होता. किंग यांच्यावर आपली मुलं इंग्रजीच्या पुस्तकात धडा वाचतात. चांगलंच आहे. पण महाड पेणहून शंभरेक किलोमीटर, रोह्याहून त्याहून जवळ. तिथे किती मुलांना नेलं आपण?

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण सांगतो. हल्ली एखादा स्टेटस, एखादी अर्धवट क्लिप फिरते आणि अर्ध्या तासात नाक्यावर पोरं जमतात. प्रत्येक बाजूला ‘एक शब्द’ द्यायला उत्सुक पुढारी तयार असतात. बातमीदार म्हणून अशा रात्री मी पाहिल्या आहेत. नंतर पोलीस स्टेशनच्या बाहेर त्या पोरांच्या आया बसलेल्या असतात, शब्द देणारा कुठेच नसतो. अशा वेळी डाक बंगल्यातला तो ३५ वर्षांचा माणूस आठवावा.

आणि दुसरं, पाणी. आपल्याच तालुक्यात हेटवणे धरण आहे आणि आपल्याच खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. कारण वेगळं आहे, जात नाही. पण ठराव होतो, फोटो छापून येतो आणि हंडा रिकामाच राहतो, हे १९२४ च्या महाडसारखंच आहे. ठरावामागे दहा वर्षं कागद घेऊन फिरणारा कोणी लागतो.

२० मार्चला महाडला राज्यभरातून माणसं येतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून येतात. आपण हायवेवरच्या ट्रॅफिकबद्दल कुरकुर करतो. शताब्दीला तरी पेण-रोह्यातून सगळ्या आळ्यांतली, सगळ्या वाड्यांतली माणसं एकत्र जाऊया. शिक्षक मित्रांनो, एक एसटी ठरवायला किती लागतं? कोण येतंय ते खाली लिहा, पुढचं बघू.