पॅरिसच्या दगडातील महाकाय शंख

१/ पॅरिसचे लूव्र आणि नोत्र-दाम ज्या चुनखडकात बांधले, तो सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी एका उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचला. त्या समुद्रात कॅम्पॅनाइल जायगँटियम ही सागरी गोगलगाय वावरत असे. मळसूत्रासारखा निमुळता होत जाणारा तिचा शंख अर्ध्या मीटरच्या आसपास लांब भरे.

२/ १८०४ साली लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले. पॅरिसच्या त्याच निसर्गेतिहास संग्रहालयातील त्याचा सहकारी क्यूव्हिए १७९६ पासून हत्तींच्या जीवाश्मांच्या आधारे सांगत होता की, काही प्रजाती पृथ्वीवरून समूळ नष्ट झाल्या आहेत.

३/ लामार्कला, विशेषतः समुद्री जीवांबाबत, हे पटत नव्हते. जीवाश्मांसारखे शंख आज दिसत नसतील, तर ते जीव संपले नसून काळाच्या ओघात बदलले असावेत, असे त्याने १८०९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. क्यूव्हिएने प्रजातींतील असे परिवर्तन अखेरपर्यंत नाकारले.

४/ पुढे दोघांचेही नकार चुकीचे ठरले. प्रजाती नष्ट होतात, तशाच बदलतातही. लामार्कने वर्णिलेली ही गोगलगाय लोप पावली आहे. तिच्या गणातील एकमेव जिवंत प्रजाती मात्र नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत आजही आढळते.