मौंट पीलचे जॅक ॲक्लंड

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात रंगीटाटा नदी डोंगरांतून सपाटीवर उतरते, तेथे मौंट पील नावाचा मेंढ्यांचा मळा आहे. मळा म्हटल्यावर आपल्यापुढे विहीर आणि ऊस उभा राहील; पण तेथे डोंगरच्या डोंगर हाच मळा! 1850 नंतरच्या दशकात जे. बी. ए. ॲक्लंड या इंग्रज बॅरिस्टराने एका भागीदाराबरोबर तो वसविला. त्यांचे नातू जॅक (1904–1981) हे शस्त्रवैद्याचे चिरंजीव; पण ते मेंढ्यांत रमले.

1942 साली टेमुकाच्या पोटनिवडणुकीत नॅशनल पक्षातर्फे ते संसदेत गेले आणि 1946 पर्यंत राहिले. त्या चार वर्षांत त्यांनी काय केले, यापेक्षा त्या काळात काय गेले ते पाहावे. तोवर ग्रामीण लोकसंख्येत 28 टक्के भर धरून मतदारसंघ आखले जात. 1945 मध्ये ही सवलत रद्द झाली. शेतकऱ्याचे संसदेतील वजन घटले. त्याचा कैवार घेण्यास दुसरे ठिकाण हवे होते.

ॲक्लंड यांना ते लोकर मंडळात सापडले. 1960 ते 1972 अशी बारा वर्षे ते मंडळाचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांच्याच वर्गणीवर चालणारे हे मंडळ लोकरीचा प्रचार आणि संशोधन यांवर पैसा खर्च करी. गरजही तशीच होती. कातरणीच्या छपरात कात्री कितीही कौशल्याने चालो, भाव ठरे तो परदेशांतल्या गिरण्यांत. आणि तेथे नायलॉनसारखे कृत्रिम धागे घुसले होते. 1964 साली निघालेले लोकरीचे जागतिक चिन्ह म्हणजे याच धाग्यांना दिलेले उत्तर.

पण चिन्हाने भाव सावरत नाही. 1966 च्या डिसेंबरात लोकरीचा भाव सुमारे 40 टक्क्यांनी कोसळला, आणि देशाच्या निर्यात उत्पन्नाचा मोठा हिस्सा तर लोकरीचाच! किमान भाव टिकविण्यासाठी वेगळा लोकर आयोग होता. त्याने लिलावात गासड्यांमागून गासड्या उचलल्या आणि गुदामे भरून गेली. शेतकऱ्याला तात्पुरता आधार मिळाला खरा, पण विकत घेतलेली लोकर कधीतरी विकावीच लागणार होती. 1967 च्या नोव्हेंबरात डॉलरचे अवमूल्यन झाले, ते या तंगीच्या पार्श्वभूमीवर. मंडळाच्या प्रचाराला मर्यादा होत्या, हे मान्य करावेच लागते. तरी तो सोडून देण्याची सोय ॲक्लंड यांना नव्हती.

1968 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1972 साली त्यांनी अध्यक्षपद सोडले. मौंट पील पुढेही ॲक्लंड घराण्याकडेच राहिले.