पौंड वाचवायचा म्हणून

शाळेत जागतिक मंदी शिकवताना मी १९२९ च्या न्यूयॉर्कच्या शेअरबाजारावरून थेट हिटलरवर उडी मारायचो. पुस्तकातच तसं होतं! मधला लंडनचा १९३१ चा उन्हाळा निवृत्तीनंतर वाचला, तो अजून डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी मे महिन्यात व्हिएन्नाची मोठी बँक कोसळली, जुलैत जर्मनीतल्या बँका अडकल्या आणि लंडनमधून सोनं बाहेर जाऊ लागलं. पौंड सोन्याशी बांधलेला, भाव ४.८६ डॉलर. महायुद्धापूर्वीचा हा भाव चर्चिल यांनी १९२५ मध्ये अर्थमंत्री असताना परत आणला होता. तो फार चढा आहे, असं केन्स तेव्हापासून सांगत होते.

३१ जुलैला मे समितीचा अहवाल आला (मे हे अध्यक्षांचं आडनाव, महिना नव्हे). १२ कोटी पौंडांची तूट येणार, बेकारभत्ता २० टक्के कापा! सरकार मजूर पक्षाचं. अर्थमंत्री स्नोडेन तर विणकराचा मुलगा, पण जमाखर्चाच्या बाबतीत सावकाराहून कडक. न्यूयॉर्कहून कर्ज हवं, तर काटकसर दाखवायला हवी. २३ ऑगस्टला १० टक्के कपातीवर मंत्रिमंडळ ११ विरुद्ध ९ असं फुटलं. सरकार गेलं. पंतप्रधान मॅक्डोनल्ड मात्र विरोधकांना घेऊन पुन्हा पंतप्रधान झाले.

मला खटकतं ते वेगळंच. कपात किती आणि कुणाची, यावर भांडण झालं, पण ४.८६ हा आकडा वाचवायचाच कशाला, हा प्रश्न त्या नऊ जणांनीही लावून धरला नाही. केन्स यांनी ५ ऑगस्टलाच मॅक्डोनल्डना खासगी पत्रात पौंडाचं मोल उतरवण्याचा विचार सुचवला होता.

सप्टेंबरच्या अंदाजपत्रकात शिक्षकांचा पगार १५ टक्के कापला. (हे वाचताना माझा हात आपोआप खिशाकडे गेला.) काही खलाशांचे रोजच्या चार शिलिंगांतून एक शिलिंग जाणार होते. इन्व्हरगॉर्डनला त्यांनी जहाजं हलवायला नकार दिला. जगाला धसका बसला, सोनं आणखी पळालं आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडलंच. डिसेंबरपर्यंत पौंड साडेतीन डॉलरच्या खाली आला. आकाश कोसळलं नाही. उलट पुढच्या जूनमध्ये बँकदर दोन टक्क्यांवर आला. शिक्षकांची कपात दहा टक्क्यांवर आणली गेली, पण बेकारांचा कापलेला भत्ता १९३४ पर्यंत परत मिळाला नाही. ज्यासाठी कापला, ते तर महिन्याभरातच सोडून दिलं होतं!

गांधीजी आणि डॉ. आंबेडकर त्या वेळी गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्येच होते. रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ मध्ये तिथेच छापला गेला होता. पण रुपयाचं काय करायचं, हे ठरवलं इंग्रज सरकारनेच. तो एक शिलिंग सहा पेन्सांना पौंडाशी बांधलेलाच ठेवला; व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा विरोधही मानला नाही. इकडे शेतमालाचे भाव आधीच पडलेले. सारा आणि सावकार भागवायला शेतकऱ्यांनी घरातले दागिने मोडले, आणि ते सोनं बोटीत चढून लंडनला गेलं.