सर जेम्स डग्लस व राजहृदयाची कथा

स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील सरदार सर जेम्स डग्लस हा रॉबर्ट ब्रूस राजाचा उजवा हात होय. गनिमी काव्यांत त्याचा हातखंडा असे. इ. स. १३१४ मध्यें रॉक्सबर्गचा किल्ला त्यानें रात्रीं शिड्या लावून घेतला. १३२७ मध्यें वीअरडेल येथें तिसऱ्या एडवर्डच्या छावणीवर छापा घातला.

ब्रूस १३२९ त वारला. त्याच्या अंतिम इच्छेस अनुसरून त्याचें हृदय घेऊन डग्लस निघाला, व स्पेनांत तेबा येथें ग्रानाडाच्या फौजेशीं लढतांना २५ ऑगस्ट १३३० रोजीं पडला. हृदयाची डबी शत्रूंत फेंकून तिच्यामागें त्यानें घोडा घातला, अशी कथा सर्वश्रुत आहे. ती कितपत ग्राह्य मानावी?

डग्लसची विस्तृत हकीकत जॉन बार्बरच्या सुमारें १३७५ च्या ‘ब्रूस’ काव्यांत आहे. त्याच्या १४८७ व १४८९ सालच्या हस्तलिखित प्रती अनुक्रमें केंब्रिज व एडिंबरो येथें आहेत. त्यांत हा प्रसंग नाहीं. हॉलंडच्या सुमारें १४४८ च्या ‘हाउलट’ काव्यांत, म्हणजे शंभरांवर वर्षांनीं, तो आढळतो. आणि १६१६ च्या छापील ‘ब्रूस’मध्यें त्याच्या ओळी बार्बरच्या नांवावर शिरलेल्या दिसतात.

कथा वजा केली तरी डग्लसचें शौर्य उणें होत नाहीं. त्याच्या अस्थि डग्लस येथें व राजाचें हृदय मेलरोझच्या मठांत परत आलें, असें बार्बरच सांगतो. मात्र ग्रंथकार जुना, म्हणून छापील प्रतींतील प्रत्येक ओळ जुनी, असें समजूं नये. हस्तलिखितें जपावयाचीं तीं याकरितांच.