शोपँचे ई मायनर प्रेल्यूड आणि ट्रॉम्बोन : एका रूपांतराचा विचार

एकोणिसाव्या शतकात पियानोसाठी विपुल रचना झाल्या. ट्रॉम्बोनच्या एकल वादनासाठी मात्र फारच थोड्या. पॅरिसच्या संगीत विद्यालयात १८३६ मध्ये या वाद्याचा स्वतंत्र वर्ग सुरू झाला, १८३७ मध्ये फर्डिनांड डाव्हिड यांचे कॉन्सर्टिनोही आले. तथापि शोपँ वा शुमान यांनी या वाद्यासाठी एकल रचना केली नाही. ही उणीव वादकांनी पियानोच्या रचना रूपांतरित करून भरून काढली.

अशा रूपांतरास मूळ कृतीवरील अतिक्रमण मानणाऱ्यांनी एक घटना लक्षात घ्यावी. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेले शोपँचे ई मायनर प्रेल्यूड (ओपस २८, क्र. ४) ३० ऑक्टोबर १८४९ रोजी त्यांच्याच अंत्यविधीत, मादलेन चर्चमध्ये, ऑर्गनवर वाजविले गेले. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत ही रचना तारांवरून वाऱ्यावर चालणाऱ्या वाद्याकडे गेली होती.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. पियानोचा स्वर आघातानंतर क्षीण होत जातो. या प्रेल्यूडमध्ये उजव्या हाताचा दीर्घ ‘बी’ विरत असताना डाव्या हाताचे स्वरसमूह अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरतात. रचनेची व्याकुळता या विरण्यातच आहे. ट्रॉम्बोनचा स्वर श्वास असेपर्यंत टिकतो. अनेक वादक तो फुगवितात, आणि विलापाची घोषणा होते! वादकाने तो जाणीवपूर्वक मंद करीत नेणे हेच मूळ रचनेस अधिक न्याय देणारे ठरते.

दुसरी अडचण सप्तकाची. मूळ उंचीवरील ‘बी’ बहुतेक ट्रॉम्बोनवादकांना कष्टाचा असल्याने चाल एक सप्तक खाली घेतली जाते. परंतु साथीच्या पहिल्याच स्वरसमूहात ‘जी’, ‘बी’, ‘ई’ हे स्वर आहेत. त्यामुळे चाल त्यांच्या मध्येच येऊन पडते. साथ खाली नेली तर ती गढूळ होते, वर नेली तर तिचा काळोख जातो. ती जागेवर ठेवून हलकी वाजविणे, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

शिवाय ‘सी’ व ‘बी’ हे स्वर सरकत्या नळीच्या तिसऱ्या व चौथ्या स्थानी, एकाच स्वरश्रेणीत येतात. जिभेचा अगदी मृदू आघात न केल्यास त्यांच्यामध्ये मींड ऐकू येते. आपल्या कानांना ती गोड वाटेल. शोपँच्या पियानोवर मात्र ती संभवतच नव्हती. शेवटचे तीन स्वरसमूह पियानोलाच द्यावे लागतात, कारण ट्रॉम्बोन एका वेळी एकच स्वर देऊ शकतो.